घरचं नाव

अक्का कुणाला लांबून हाक मारत नसत. बाजारात पन्नास पावलांवर ओळखीचं माणूस दिसलं तरी त्या 'अहो' म्हणायच्या नाहीत. काठी टेकत, वाटेतल्या सायकली आणि कुत्री चुकवत त्या माणसापर्यंत जायच्या, त्याच्या कोपराला दोन बोटं लावायच्या आणि तो वळला की मग बोलायच्या. तोवर माणूस बसमध्ये चढून निघून गेला तर जाऊ द्यायच्या. "गेला तर गेला. पुन्हा भेटेल," एवढंच म्हणायच्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या एखाद्या सवयीला आपण आधी हसतो, मग तिची नक्कल करतो आणि तिचं कारण कळतं तेव्हा नक्कल करणारं तोंड कुठे लपवावं ते कळत नाही. अक्कांची नक्कल मी उत्तम करायचो. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत दोनदा केली आहे.

आम्ही जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या र्युसेल्सहाइमला राहायला आलो तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या बेलवर एक अस्सल जर्मन आडनाव होतं. वर कुणी जर्मन म्हातारी राहते, तिला मुलांचा आवाज खपत नसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मी गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, बायको मृणाल तेव्हा जर्मन शिकत होती, मुलगी ईरा तीन वर्षांची. पहिल्याच आठवड्यात जिन्यात माझं आणि मृणालचं कडाक्याचं भांडण झालं. विषय होता पिवळी पिशवी. प्लास्टिकचा कचरा ज्या पिवळ्या पिशवीत भरून ठरलेल्या दिवशीच बाहेर ठेवायचा असतो, ती. परदेशात मराठीत भांडायचा मोठा फायदा म्हणजे आवाज लावता येतो. आम्ही तो मनसोक्त लावला होता. इतक्यात माझ्या कोपराला दोन बोटं लागली.

मागे एक बारीकशी सावळी बाई उभी होती. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, अंगात जर्मन स्वेटर. ती शांतपणे मराठीत म्हणाली, "पिवळी पिशवी उद्या नाही. परवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडणात मृणालच्या माहेरचा उद्धार नुकताच होऊन गेला होता.

अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या. पूर्वज कधीकाळी मराठ्यांबरोबर दक्षिणेत गेले आणि तिथलेच झाले. वडील तिथून समुद्र ओलांडून मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात गेले, एका रबराच्या मळ्यावर कारकून झाले. अक्का तिथेच जन्मल्या. बाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी आणि घरात जुन्या दप्तरातून काढल्यासारखं मराठी. पुढे रबर विकत घ्यायला आलेल्या एका जर्मन माणसाशी लग्न करून त्या इकडे आल्या. माझ्याशी त्या जर्मन, इंग्रजी आणि ते मराठी अशी खिचडी बोलायच्या. इथे मी ते सगळं आपल्या मराठीत लिहितो आहे. नाव विचारलं तर म्हणाल्या, "मळ्यावर सगळे अक्का म्हणायचे. तूही म्हण."

इकडे आल्यावर त्यांनी तीस वर्षं गावच्या ग्रंथालयात नोकरी केली. "मोठ्याने बोलायची बंदी असलेली दुसरी नोकरी मिळेना," त्या म्हणायच्या. मला तो विनोद वाटायचा.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला जायचो. त्यांच्या बाल्कनीत कढीपत्त्याचं झाड होतं, कमरेएवढं. थंडीत ते आत, खिडकीशी यायचं. जर्मनीत कढीपत्त्याचं झाड जगवणं म्हणजे काय ते ज्याने प्रयत्न केलाय त्यालाच माहीत. दर रविवारी एक डहाळी मला मिळायची, ओल्या फडक्यात गुंडाळून.

अशाच एका रविवारी मी ऑफिसचं रडगाणं गात होतो. माझ्या टीमकडे गाडीतला आवाज आहे. म्हणजे ड्रायव्हर पेंगायला लागला की गाडी जे बोलते ते. त्या एका वाक्यावर तीन महिने मीटिंगा चालू होत्या. आधी काय म्हणायचं, कृपया म्हणायचं की नाही, बाईचा आवाज की पुरुषाचा.

अक्कांनी कप खाली ठेवला. "इंजिनाचा आवाज किती?"

मी सांगितलं.

"मग बाईचा," त्या म्हणाल्या. "इंजिन खालच्या सुरात घुमतं. बाईचा आवाज त्याच्यावरून जातो. वाक्य लहान. आधी नाव. नाव घेतलं की थांबायचं, मनात तीन मोजायचे. तेवढ्यात माणूस मान वर करतो. मग एकच गोष्ट सांगायची, दोन नाही. कृपया म्हणायचं नाही. आणि पुन्हा सांगताना शब्दाला शब्द तेच. एक जरी शब्द बदलला तरी ऐकणाऱ्याला वाटतं, आता हे खोटं बोलायला लागले."

मी विचारलं, "अक्का, हे तुम्हाला कसं माहीत?"

"मी बोलायचे ना. वरून." त्यांनी बोट छताकडे केलं. वर फक्त माळा होता, त्यामुळे मला काही कळलं नाही.

ते पुढच्या काही रविवारांत कळलं, तुकड्यातुकड्याने.

मलायात तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. त्याविरुद्ध कम्युनिस्ट बंदुका घेऊन जंगलात शिरले होते. ते गावागावांत पत्रकं वाटायचे, मळ्यांवर गुपचूप सभा घ्यायचे. त्यांचा प्रचार मोडायला सरकारने आपला प्रचार सुरू केला. रेडिओ, पत्रकं आणि सिनेमाच्या गाड्या. अक्का अठरा वर्षांच्या, आवाज खणखणीत, तमिळ स्वच्छ. मळ्यावर आलेल्या गोऱ्या साहेबाने त्यांना शाळेच्या समारंभात बोलताना ऐकलं आणि महिन्याभरात त्या सिनेमाच्या गाडीवर निवेदक झाल्या.

"दुपारी गाडी पोचायची. दोन बांबू, मध्ये पांढरं कापड. जनरेटर लावायचा. पहिल्यांदा हसायचा सिनेमा. मग सरकारचा. नवीन घरं, नवीन दवाखाना, हसणारी मुलं. लोकांना उठवून ज्या नव्या वस्त्यांत नेऊन ठेवलं होतं, त्यांना चहूबाजूंनी काटेरी तार होती. बाहेर पडताना मुठीत तांदूळ तर नाहीत ना, ते तपासायचे, जंगलातल्या लोकांना कुणी पोचवील म्हणून. पण आमच्या सिनेमात तार दिसायची नाही. कॅमेरावाला फार हुशार होता. आणि बघणारे सगळे तारेच्या आत बसलेले."

"मग ते हसायचे नाहीत?"

"पहिल्या सिनेमाला हसायचे. फुकट होता ना."

मी विचारलं, की मग कम्युनिस्ट खोटं बोलत होते की तुम्ही? मला वाटतं, माझ्या आवाजात थोडी मजा होती. असल्या प्रश्नांना आपण बाहेरची माणसं मजेनेच हात घालतो.

"तेही थोडं खोटं बोलायचे, आम्हीही थोडं," अक्का म्हणाल्या. "आमच्याकडे विमान होतं."

त्या विमानाच्या पोटाला कर्णे बांधलेले असायचे. जंगलावर ते सावकाश घिरट्या घालायचं आणि वरून आवाज यायचा: अमक्या, बाहेर ये. सिनेमाच्या गाडीवरून अक्कांना बढती मिळाली ती या कामावर. आवाज आधी एका खोलीत रेकॉर्ड करायचे. भिंतींना घोंगड्या टांगलेल्या, समोर साहेब घड्याळ घेऊन बसलेला. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या तशातला प्रकार, असं मी म्हटलं आणि अक्का हसल्या. नंतर मात्र त्या बराच वेळ हसल्या नाहीत.

"जंगलात गेलं की पार्टी नवीन नाव देते," त्या म्हणाल्या. "त्या नावाने हाक मारून उपयोग नसतो. त्या नावाचा माणूस शूर असतो. घरचं नाव शोधायचं. आईने ठेवलेलं, लाडाचं, चिडवायचं, काहीही. घरच्या नावाला माणूस आधी ओ देतो, विचार नंतर करतो."

साहेबाच्या यादीत एक पार्टीचं नाव होतं. फोटो पाहून अक्कांनी ओळखलं. त्यांच्याच मळ्यावरच्या, रबराचा चीक काढणाऱ्या बाईचा मुलगा. शाळेत अक्कांच्याच बाकावर बसायचा. त्याची आई कारकुनाच्या या मुलीच्या केसांना तेल लावून द्यायची. त्याचं घरचं नाव साहेबाला कुठेच मिळत नव्हतं.

"मला कुणी विचारलं नव्हतं," अक्का म्हणाल्या. "मीच सांगितलं. साहेबाला खूश करायचं होतं. मला ठाऊक आहे म्हणून सांगितलं. शाळेत हात वर करतात ना, तसं."

मग त्यांनीच ते रेकॉर्ड केलं. नाव. तीन आकडे. "बाहेर ये. आई वाट बघते आहे. तुला कोणी काही करणार नाही." पुन्हा तेच, शब्दाला शब्द. नवव्या दिवशी तो हात वर करून रस्त्यावर आला.

"मग त्याचं काय केलं?" मी विचारलं.

"कोणी काही केलं नाही. तेवढं मी खरं बोलले होते. त्याला जेवू घातलं, नवा सदरा दिला. दुसऱ्या दिवशी शिपाई त्याला घेऊन जंगलात गेले आणि त्याने आपल्या लोकांची जागा दाखवली. तिघे मेले. त्यातला एक आमच्याच मळ्यावरचा होता. मग त्याला आमच्या सिनेमाच्या गाडीवर बसवलं. गावोगाव त्याने लिहून दिलेलं भाषण वाचायचं. मी त्याच्या शेजारी उभी. एकदा त्याने मला विचारलं, तू विमानात होतीस ना? मला वाटलं तू वर आहेस, एकटीच. मी म्हटलं, नाही, मी खोलीत होते. तो हसला. मळ्यावर कुणी त्याच्या हातचं पाणी घेईना. आईसुद्धा. पुढे त्याला कुठे पाठवलं ते मला माहीत नाही."

"आणि ती आई?"

"मी दिसले की आत जाऊन दार लावून घ्यायची. मला बक्षीस म्हणून शिवणाचं मशीन मिळालं. माझ्या लग्नाची पोलकी त्याच्यावरच शिवली." त्यांनी कप उचलला, त्यात चहा नव्हता, तो पुन्हा ठेवला. "त्यानंतर मी कुणाला लांबून हाक मारत नाही. जवळ गेलं की त्याला आपण दिसतो. बरोबर कोण आहे तेही दिसतं."

जाताना माझ्या हातात कढीपत्ता देत, विषय हलका करावा तसं त्या म्हणाल्या, "माझंच बघ. तुम्ही अक्का म्हणता. मुलगा मम्मा म्हणतो. नवरा होता तोवर लीबलिंग म्हणायचा. पण बाबा ज्या नावाने हाक मारायचे त्या नावाने कुणी बोलावलं, तर मी झोपेतून उठून दार उघडीन." आणि त्यांनी ते नाव मला सांगितलं. दोन अक्षरी, साधं, थोडं विनोदी. "आता जगात तुला आणि मलाच माहीत."

ते नाव मी इथे लिहिणार नाही. मृणाललाही सांगितलेलं नाही. तोंडातून ते एकाच दुपारी निघालं, आणि तेवढं पुष्कळ झालं.

त्याआधी माझ्या दुसऱ्या एका हुशारीबद्दल सांगायला हवं. अक्कांनी सांगितलेलं सगळं मी ऑफिसात मांडलं. नाव आधी, तीन मोजायचे, एकच गोष्ट, शब्द बदलायचे नाहीत. चाचणी घेतली तर पेंगणारी माणसं खरंच पटकन मान वर करू लागली. माझा जर्मन बॉस "निश्त श्लेश्त" म्हणाला. म्हणजे 'वाईट नाही'. त्यांच्यात याच्यापुढे कौतुक नसतं. हे कुठून काढलंस, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वाचलंय कुठेतरी. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीने शिकवलं म्हणायला काय झालं होतं, मला माहीत नाही. अक्कांना तर मी हे सांगितलंही नाही.

मग अक्का थकल्या. सत्त्याऐंशी म्हणजे वय कमी नव्हतं. एकदा दूध विसरल्या, धुराचा अलार्म वाजला, आगीचा बंब आला. मग न्हाणीघरात पडल्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच होत्या. त्यांचा मुलगा नेकारसुल्मला असायचा. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला, भला माणूस. दर शनिवारी दीड तास गाडी चालवत यायचा. त्याने आपल्या गावातल्या वृद्धाश्रमात जागा बघितली. अक्का हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नाही म्हणाल्या.

मला त्या म्हणाल्या, "मी जाणार नाही असं नाही. त्याला म्हणते, एक उन्हाळा दे. झाड एकदा बाहेर ठेवते, त्याला नवी पानं आली की माझी मी जिना उतरून जाईन. मला न्यायचं नाही कुणी. मी चालत जाणार."

मी म्हटलं, "गेनाऊ, अक्का. बरोबर आहे तुमचं."

पण वृद्धाश्रमातली जागा उन्हाळ्यापर्यंत थांबणार नव्हती. मुलाने मला जिन्यात गाठलं. त्याने सगळं समजावून सांगितलं, आणि मग जोडे पुसता पुसता सहज म्हणाला, "हाउसफेरवाल्टुंग, म्हणजे इमारतीचा कारभार बघणारी कंपनी, मला विचारत होती, पुढचा भाडेकरू कुणी माहीत आहे का. तुमचं नाव सांगू?"

फ्रँकफर्टच्या आसपास घर शोधणाऱ्यांना यापुढे काही सांगायला नको. घर बघायला चाळीस माणसं जिन्यात रांग लावतात आणि पगाराच्या पावत्या छातीशी धरून आत जातात. आम्ही तिघं दोन खोल्यांत होतो, आणि ईरा आता दहा वर्षांची झाली होती. अक्कांचं घर तीन खोल्यांचं, शिवाय बाल्कनी. मी म्हटलं, "नाही नाही, इतकी काय घाई आहे." आणि त्या दिवशी घरी येऊन, ईराचं टेबल त्या मागच्या खोलीत खिडकीशी बसेल का, ते मनातल्या मनात मोजलं. मृणालने नाही, मी मोजलं. बसत होतं.

त्या शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास मुलगा आमच्या दारात उभा राहिला. पाठीमागे रुग्णवाहिकेचे दोघे, त्यांच्याकडे पट्ट्यांची खुर्ची, आणि वृद्धाश्रमाच्या एक बाई. अक्कांनी आतून साखळी लावली होती. त्याने तीनदा मम्मा म्हणून पाहिलं होतं. आतून उत्तर नव्हतं, पण त्यांची काठी वाजलेली ऐकू आली होती, म्हणजे त्या बऱ्या होत्या.

"कुलूपवाल्याला बोलावलं तर साखळी तोडावी लागेल," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तिला किती घाबरल्यासारखं होईल. ती तुमचं ऐकते."

मला माझी बाजू सांगता येते. दार तोडायचं टळत होतं. खाली माझी मुलगी झोपत होती आणि वर गॅसवर दूध विसरलं जात होतं. मुलगा वाईट नव्हता, वृद्धाश्रमही वाईट नव्हता. हे सगळं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता ते शब्दाला शब्द तेच येतं.

पण पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही वर गेलो तेव्हा मीच त्या चौघांना हाताने खूण केली आणि अर्धा जिना खाली, वळणापाशी उभं केलं. दाराला बारीक भिंग होतं. त्यातून ते दिसू नयेत म्हणून.

मग मी दाराशी तोंड नेलं आणि ते नाव घेतलं.

तीन मोजले.

आत काठी थांबली.

"दार उघड," मी म्हटलं. इतकी वर्षं मी त्यांना अहो-जाहो करायचो. पण त्या नावापुढे 'उघडा' येईना. "मी आहे. एकटाच आहे. कोणी काही करणार नाही."

बराच वेळ काही झालं नाही. भिंगात काळं काहीतरी हललं. मी पुन्हा म्हटलं. नाव, तीन आकडे, दार उघड, मी आहे, एकटाच आहे, कोणी काही करणार नाही. एक शब्दही बदलला नाही. मला शिकवलंच तसं होतं.

साखळी सरकली.

अक्का दारात उभ्या राहिल्या. अंबाडा सुटलेला, पायात एकच सपात. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलीसारखा, आनंदाने उघडलेला चेहरा. तो फार वेळ टिकला नाही. खालून खुर्चीची चाकं वाजली, मुलगा वर आला, त्याच्यामागे बाकीचे. अक्कांनी एकेकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि मी त्याची वाट बघत होतो.

"सावकाश बोललास," त्या म्हणाल्या. "घाई केली नाहीस. चांगलं बोललास."

रविवारी मला शिकवताना त्यांचा जो सूर असायचा, त्याच सुरात. मग त्यांनी दुसरी सपात मागितली. ती मी आत जाऊन आणली. चालत जाते म्हणाल्या, पण रुग्णवाहिकेच्या माणसांना नियम होता. त्यांनी अक्कांना खुर्चीत बसवून पट्टे लावले आणि तीन मजले उचलून खाली नेलं. जिन्याच्या दांडीवरून त्यांचा हात फिरत गेलेला मला वरून दिसला.

घरी आलो तर मृणाल ओट्याशी उभी होती. जिन्यातलं सगळं खाली ऐकू येतं. ती मला म्हणाली, "दार तोडलं असतं तर बरं झालं असतं रे. निदान तोडलं तरी म्हणता आलं असतं."

मी जिन्याकडचं दार लावून घेतलं.

घर आम्हाला मिळालं. मिळालं म्हणजे आम्ही घेतलं. मी नको म्हणू शकलो असतो, मृणाल एकदा म्हणालीही, पण चाळीस माणसांच्या रांगेची मला भीती वाटली. ईराचं टेबल खिडकीशी बरोबर बसलं. कढीपत्त्याचं झाड मुलाने आमच्यासाठी सोडलं होतं. ते त्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलं आणि त्याला नवी पानं आली. मृणाल फोडणीत घालते. मी ताटातून बाजूला काढतो, तिने का म्हणून कधी विचारलेलं नाही.

ऑफिसातल्या त्या आवाजाचं काम मी दुसऱ्याला दिलं. कारण सांगितलं, कंटाळा आला. आता रस्त्यावर कुणी ओळखीचं दिसलं की मी चालत जवळ जातो. ईरा खालून "पापा" म्हणून ओरडली की तिन्ही जिने उतरून खाली जातो. तिला वाटतं, पापाला वजन कमी करायचं आहे.

त्याच वर्षीच्या थंडीत अक्का गेल्या. मुलाचा फोन आला, तो मला धन्यवाद म्हणाला. तुमच्यामुळे शेवटचे महिने ती माझ्याजवळ होती, असं म्हणाला. मी ते ऐकून घेतलं.

मधल्या काळात मी त्यांना भेटायला एकदाच गेलो. जायला चार महिने लावले. कधी ऑफिसातल्या कामाची धावपळ, कधी ईराची परीक्षा, कधी रेल्वेचा संप. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शेवटी एका शनिवारी गाडी काढून नेकारसुल्मला गेलो. जेवणाचा मोठा हॉल होता. अक्का लांब, पलीकडच्या खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. दारातल्या नर्सने सांगितलं, "त्या तिथे आहेत. हाक मारा ना."

मी हाक मारली नाही. सगळी टेबलं ओलांडून, वाटेतल्या खुर्च्या चुकवत पलीकडे गेलो, खाली वाकलो आणि त्यांच्या कोपराला दोन बोटं लावली.

अक्कांनी मान वळवली. मला ओळखलं. हसल्यासुद्धा. मग विचारलं, "आज बरोबर कोण कोण आलंय?"

"कोणी नाही, अक्का. एकटाच आहे," मी म्हटलं. त्या दिवशी ते खरं होतं.

त्यांनी खुर्चीच्या दांड्याला धरलं आणि थोडं बाजूला वाकून माझ्या मागे पाहिलं.